रनिंग बॅकचे कार्यभार व्यवस्थापन (महाविद्यालयीन फुटबॉल)

अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन धावण्याची जबाबदारी प्रामुख्याने ज्या खेळाडूकडे असते, त्यास रनिंग बॅक असे म्हणतात. ही जबाबदारी एका सामन्यात आणि संपूर्ण हंगामात या स्थानावरील खेळाडूंमध्ये कशी विभागावी, तसेच प्रमुख खेळाडू जायबंदी झाल्यास त्याची जागा घेणारी राखीव फळी कशी उभारावी, याच्या नियोजनास रनिंग बॅकचे कार्यभार व्यवस्थापन म्हणतात. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजांच्या षटकांचे जे नियोजन केले जाते, त्याच्याशी या संकल्पनेचे साम्य आहे. मात्र रनिंग बॅकच्या बाबतीत केवळ श्रमाचा नव्हे, तर प्रत्येक प्रयत्नाच्या शेवटी होणाऱ्या शारीरिक धडकेचाही विचार करावा लागतो.

या नियोजनात तीन हितसंबंध एकमेकांसमोर येतात. संघाला चालू सामना जिंकायचा असतो. प्रशिक्षकाला हंगामाच्या अखेरपर्यंत खेळाडू तंदुरुस्त ठेवायचे असतात. आणि खेळाडूला व्यावसायिक कारकीर्द सुरू होण्यापूर्वी आपले कौशल्य दाखवायचे असते, पण शरीर झिजूही द्यायचे नसते. महाविद्यालयीन फुटबॉलमधील कार्यभाराच्या वाटणीचा इतिहास हा बहुतांशी या तीन हितसंबंधांच्या तडजोडीचा इतिहास आहे.

## संज्ञा व मोजमाप

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमक संघाला १० यार्ड (सुमारे ९ मीटर) पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नास 'डाउन' म्हणतात. क्वार्टरबॅक हा खेळाडू चेंडू हवेतून फेकतो किंवा रनिंग बॅकच्या हाती देतो. रनिंग बॅकने चेंडू घेऊन धावण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला 'कॅरी' अशी संज्ञा आहे. कार्यभार मोजण्याचे हे सर्वांत जुने आणि सर्वांत प्रचलित एकक होय.

केवळ कॅरींच्या संख्येवरून संपूर्ण कार्यभार लक्षात येत नाही. त्यामुळे पुढील मापेही वापरली जातात:

* टच – कॅरी आणि झेललेले पास यांची बेरीज. पास झेलल्यानंतरही खेळाडूला प्रतिस्पर्धी खाली पाडतात, म्हणून शरीरावरील आघातांच्या दृष्टीने हे माप अधिक अर्थपूर्ण आहे.
* स्नॅप – खेळाडू मैदानावर असताना खेळल्या गेलेल्या एकूण चालींची संख्या. यात चेंडू न मिळालेल्या चालीही येतात. अशा चालींत रनिंग बॅक अनेकदा क्वार्टरबॅकचे रक्षण करत असतो आणि त्याच्यापेक्षा वजनदार खेळाडूंना अडवत असतो.
* सराव व विशेष पथकांतील सहभाग – किकऑफ परतवणे यांसारख्या कामांत वेगाने धावणाऱ्या खेळाडूंची टक्कर होते. सरावातील टॅकलही कार्यभारात मोजले जातात.

अलीकडच्या काळात अनेक विद्यापीठांचे संघ खेळाडूंच्या अंगरख्यात जीपीएस उपकरण बसवून धावण्याचे अंतर, वेग आणि वेगातील बदल नोंदवतात. या नोंदींच्या आधारे सरावाची तीव्रता कमी-जास्त केली जाते. रनिंग बॅकने एका सामन्यात किती कॅरी घ्याव्यात यावर महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशनची (एनसीएए) कोणतीही मर्यादा नाही. हा निर्णय सर्वस्वी प्रशिक्षकांचा असतो.

संघातील प्रत्येक स्थानावरील खेळाडूंची पसंतीक्रमानुसार लावलेली यादी 'डेप्थ चार्ट' या नावाने ओळखली जाते. एखाद्या संघाची रनिंग बॅकची फळी 'खोल' आहे असे म्हटले जाते, तेव्हा यादीतील दुसरा व तिसरा खेळाडूही मोठ्या सामन्यात उतरवण्याजोगा आहे, असा त्याचा अर्थ असतो.

## इतिहास

### बदलीच्या नियमांचा काळ

महाविद्यालयीन फुटबॉलच्या प्रारंभीच्या दशकांत खेळाडू बदलण्यावर कडक निर्बंध होते. तेच अकरा खेळाडू आक्रमण आणि बचाव अशा दोन्ही बाजूंनी खेळत. १९४१ साली हे निर्बंध शिथिल करण्यात आले, १९५३ साली ते पुन्हा कडक झाले आणि १९६० च्या दशकाच्या मध्यास मुक्त बदलीचे तत्त्व कायमचे स्थिरावले. रनिंग बॅकला विश्रांती देऊन दुसरा ताजातवाना खेळाडू उतरवण्याची आजची पद्धत या बदलामुळेच शक्य झाली.

दोन खेळाडूंमधील कामाच्या विभागणीचे सर्वांत प्रसिद्ध जुने उदाहरण अमेरिकी लष्करी अकादमीच्या (आर्मी) संघाचे आहे. १९४४ ते १९४६ या तीन हंगामांत डॉक ब्लँचर्ड हा बलदंड खेळाडू मधल्या गर्दीतून, तर ग्लेन डेव्हिस हा वेगवान खेळाडू कडेने धावत असे. या काळात आर्मीने २७ सामने जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि एकही गमावला नाही. ब्लँचर्डला १९४५ साली आणि डेव्हिसला १९४६ साली, देशातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूला दिली जाणारी हाइझमन ट्रॉफी मिळाली.

### एकाच खेळाडूवर भर

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक संघांनी एकाच रनिंग बॅकवर बहुतांश भार टाकण्याचे धोरण स्वीकारले. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे (यूएससी) प्रशिक्षक जॉन मॅकके हे ओ. जे. सिम्प्सन या खेळाडूला एका सामन्यात तीसहून अधिक कॅरी देत असत. त्याला इतक्या वेळा चेंडू का देता, या प्रश्नावर, चेंडू काही जड नसतो आणि तो काही कामगार संघटनेचा सदस्य नाही, अशा आशयाचे त्यांचे विनोदी उत्तर प्रसिद्ध आहे. खेळाडूंना वेतन नसलेल्या त्या काळातील वृत्तीचे द्योतक म्हणून या उत्तराचा आजही उल्लेख होतो.

याच विद्यापीठाच्या मार्कस ॲलनने १९८१ च्या नियमित हंगामात ११ सामन्यांत ४०३ कॅरी घेतल्या, म्हणजे सामन्यामागे सरासरी ३६ हून अधिक. जॉर्जिया विद्यापीठाच्या हर्शेल वॉकरने १९८० ते १९८२ या तीन हंगामांत ९९४ कॅरी घेतल्या. एका हंगामातील सर्वाधिक कॅरींचा विक्रम सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या केव्हिन स्मिथच्या नावावर असून त्याने २००७ साली १४ सामन्यांत ४५० कॅरी घेतल्या.

मोठ्या कार्यभाराचे काही हंगाम

| वर्ष | खेळाडू | संघ | सामने | कॅरी | यार्ड |
|---|---|---|---|---|---|
| १९८१ | मार्कस ॲलन | सदर्न कॅलिफोर्निया | ११ | ४०३ | २,३४२ |
| १९८८ | बॅरी सँडर्स | ओक्लाहोमा स्टेट | ११ | ३४४ | २,६२८ |
| २००७ | केव्हिन स्मिथ | सेंट्रल फ्लोरिडा | १४ | ४५० | २,५६७ |
| २०१५ | डेरिक हेन्री | अलाबामा | १५ | ३९५ | २,२१९ |
| २०२४ | ॲश्टन जिंटी | बॉइसी स्टेट | १४ | ३७४ | २,६०१ |

हंगामोत्तर बाउल सामन्यांची आकडेवारी एनसीएए २००२ पासून अधिकृत नोंदींत धरते. त्यामुळे तक्त्यातील १९८१ व १९८८ च्या आकड्यांत त्या वर्षांचे बाउल सामने समाविष्ट नाहीत.

### वाटणीकडे कल

एकविसाव्या शतकात दोन किंवा तीन रनिंग बॅकमध्ये भार विभागण्याची पद्धत मोठ्या संघांत रूढ झाली. याचे एक कारण म्हणजे लांबलेला हंगाम. २००६ पासून नियमित हंगाम साधारणपणे १२ सामन्यांचा आहे. त्यात विभागीय संघटनेचा अंतिम सामना आणि बाउल सामना यांची भर पडते. २०१४ साली चार संघांची राष्ट्रीय प्लेऑफ स्पर्धा सुरू झाली आणि २०२४ साली ती १२ संघांची झाली. परिणामी एखाद्या संघाला एका हंगामात १६ सामने खेळावे लागू शकतात. ॲलनच्या काळातील सरासरीने इतके सामने खेळल्यास कॅरींची संख्या ५८० च्या पुढे जाईल.

## कार्यभार मर्यादित ठेवण्याची कारणे

### शारीरिक कारणे

रनिंग बॅकच्या बहुतेक चाली एक किंवा अनेक प्रतिस्पर्ध्यांनी त्याला जमिनीवर पाडल्यावर संपतात. गुडघ्याचे अस्थिबंध तुटणे, घोटा मुरगळणे, खांदा निखळणे आणि मेंदूला मार बसणे या दुखापती या स्थानावर नेहमीच्या आहेत. यांपैकी अनेक दुखापती एकाच धडकेत होतात आणि त्या आधीच्या श्रमामुळेच झाल्या, असे सिद्ध करता येत नाही. कॅरींची संख्या वाढली की अशा धडकांची संधी वाढते, हा यामागील साधा हिशेब आहे. याखेरीज स्नायूंचा थकवा आणि मुका मार यांतून शरीर सावरण्यास दोन सामन्यांमधील आठवडा अपुरा पडू शकतो.

### सामन्यातील कारणे

थकलेल्या खेळाडूच्या हातातून चेंडू निसटण्याची शक्यता वाढते. चेंडू असा सुटण्यास 'फंबल' म्हणतात आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेल्यास सामन्याचे पारडे फिरू शकते. याउलट, सामन्याच्या चौथ्या व अखेरच्या सत्रात बचाव करणारे खेळाडू दमलेले असताना ताजा रनिंग बॅक उतरवल्यास त्याचा मोठा लाभ होतो.

आघाडीवर असलेला संघ अखेरच्या सत्रात मुद्दाम चेंडू घेऊन धावतो. फेकलेला पास झेलला गेला नाही तर घड्याळ थांबते, परंतु मैदानाच्या आत धावणाऱ्या खेळाडूला पाडल्यावर ते सामान्यतः चालू राहते. २०२३ साली झालेल्या नियमबदलानंतर दोन्ही अर्धांतील अखेरची दोन मिनिटे वगळता, १० यार्ड पूर्ण झाल्यावरही घड्याळ थांबत नाही. त्यामुळे जिंकत असलेल्या संघाच्या रनिंग बॅकवर सर्वाधिक भार नेमका सामन्याच्या शेवटी येतो. पहिल्या तीन सत्रांत त्याला किती वापरले, यावर शेवटच्या सत्रातील त्याची उपयुक्तता ठरते.

## वाटणीच्या पद्धती

प्रशिक्षक प्रामुख्याने पुढील पद्धती अवलंबतात. प्रत्यक्षात त्यांचे मिश्रण आढळते.

प्रमुख व साहाय्यक: एक खेळाडू बहुतांश कॅरी घेतो आणि दुसरा त्याला ठरावीक अंतराने विश्रांती देतो. प्रमुख खेळाडूला सामन्याची लय सापडते, हा या पद्धतीचा फायदा मानला जातो.

आळीपाळीने डाव: संघाकडे चेंडू आल्यापासून तो जाईपर्यंतच्या चालींची मालिका एका खेळाडूकडे आणि पुढची मालिका दुसऱ्याकडे सोपवली जाते. १९७९ ते १९८२ या काळात सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या एरिक डिकरसन व क्रेग जेम्स या जोडीचा असा वापर करण्यात आला. वेगवान आक्रमण करणाऱ्या संघांना ही पद्धत विशेष सोयीची असते. आक्रमक संघाने दोन चालींच्या मधे खेळाडू बदलल्यास बचाव करणाऱ्या संघालाही बदलीसाठी वेळ द्यावा लागतो आणि वेगाचा फायदा नाहीसा होतो. म्हणून असे संघ मालिका संपल्यावरच रनिंग बॅक बदलतात.

भूमिकेनुसार विभागणी: एक-दोन यार्डांची गरज असताना बलदंड खेळाडू, तर तिसऱ्या डाउनवर पास झेलण्यात व क्वार्टरबॅकचे रक्षण करण्यात निपुण असलेला खेळाडू उतरवला जातो. प्रत्येकाच्या गुणांचा यात उपयोग होतो. मात्र मैदानावर कोण उतरला यावरून पुढील चालीचा अंदाज बांधणे प्रतिस्पर्ध्यांना सोपे जाते, हा या पद्धतीचा मोठा दोष आहे.

त्या दिवसाच्या कामगिरीनुसार: सुरुवातीस सर्वांना संधी देऊन, ज्याचा खेळ रंगात आला असेल त्याच्याकडे उत्तरार्धात अधिक भार दिला जातो.

दुर्बळ प्रतिस्पर्ध्याविरुद्ध मोठी आघाडी मिळाल्यावर प्रमुख रनिंग बॅकला बाहेर बसवणे ही सर्वच पद्धतींत आढळणारी प्रथा आहे. २०२४ साली बॉइसी स्टेट विद्यापीठाच्या ॲश्टन जिंटीला एकतर्फी सामन्यांत लवकर विश्रांती देण्यात आली होती. त्या हंगामात त्याने २,६०१ यार्ड अंतर कापले. बॅरी सँडर्सचा १९८८ चा विक्रम अवघ्या २७ यार्डांनी अबाधित राहिला. सँडर्सने हा विक्रम ११ सामन्यांत केला होता, तर जिंटी १४ सामने खेळला. अशा तुलनेतून विश्रांतीचे शहाणपण आणि विक्रमाचे आकर्षण यांतील ओढाताण दिसून येते.

## राखीव फळीची उभारणी

### तयारी

राखीव रनिंग बॅकला संधी न मिळण्याचे कारण पुष्कळदा त्याच्या धावण्यात नसते. पासच्या वेळी क्वार्टरबॅकवर चाल करून येणारा प्रतिस्पर्धी कोणता हे क्षणार्धात ओळखून त्याला अडवणे, हे काम शाळेतून नुकत्याच आलेल्या खेळाडूंना सहसा ठाऊक नसते, कारण शालेय स्तरावर त्यांच्या हाती बहुतेक वेळा चेंडूच असतो. हे काम न येणारा खेळाडू मैदानावर असल्यास क्वार्टरबॅक जायबंदी होण्याचा धोका असतो. त्यामुळे डेप्थ चार्टवर चार नावे असली, तरी महत्त्वाच्या सामन्यात प्रशिक्षकांचा विश्वास दोघांवरच असतो, अशी स्थिती वारंवार उद्भवते. निकाल निश्चित झालेल्या सामन्यांची अखेरची सत्रे राखीव खेळाडूंच्या शिक्षणासाठी म्हणूनच महत्त्वाची ठरतात.

प्रतीक्षेतून घडलेल्या खेळाडूंची उदाहरणे अनेक आहेत. बॅरी सँडर्स हा १९८६ व १९८७ या हंगामांत ओक्लाहोमा स्टेटमध्ये थर्मन थॉमसचा राखीव खेळाडू होता. मार्कस ॲलन १९७९ साली चार्ल्स व्हाइटसाठी वाट मोकळी करून देण्याचे काम करत असे. त्याच वर्षी व्हाइटला हाइझमन ट्रॉफी मिळाली. पुढे सँडर्स व ॲलन या दोघांनीही तीच ट्रॉफी जिंकली.

### नियमांचा प्रभाव

राखीव फळीची खोली एनसीएएच्या नियमांवरही अवलंबून असते.

* प्रथम वर्षाचे विद्यार्थी: १९७२ पासून प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्याची मुभा मिळाली. त्यापूर्वी हा पर्याय प्रशिक्षकांना उपलब्ध नव्हता.
* रेडशर्ट: खेळाडूला एक वर्ष सामन्यांपासून दूर ठेवून त्याच्या पात्रतेचा हंगाम राखून ठेवण्याच्या पद्धतीस 'रेडशर्ट' म्हणतात. २०१८ पासून खेळाडू चार सामन्यांपर्यंत खेळला तरी त्याचा हंगाम खर्ची पडत नाही. त्यामुळे ऐन वेळी दुखापती झाल्यास नवोदित रनिंग बॅकला काही सामन्यांपुरते वापरणे शक्य झाले.
* ट्रान्सफर पोर्टल: विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ही नोंदप्रणाली ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला सामान्यतः एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०२१ साली एकदा बदल करताना ही अट काढून टाकण्यात आली आणि २०२४ साली ती आणखी शिथिल झाली.
* संघाचा आकार: सर्वोच्च गटातील संघांना प्रदीर्घ काळ ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. न्यायालयीन तडजोडीनंतर २०२५ साली तिच्याऐवजी १०५ खेळाडूंच्या संघाची मर्यादा लागू झाली.

ट्रान्सफर पोर्टलमुळे राखीव खेळाडू टिकवणे अवघड झाले आहे. पुरेशा कॅरी न मिळालेला रनिंग बॅक हंगामानंतर दुसऱ्या विद्यापीठात जाऊ शकतो. त्यामुळे आज कार्यभाराची वाटणी ही केवळ प्रमुख खेळाडूला जपण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या खेळाडूला संघात राखण्यासाठीही केली जाते. त्याच वेळी, दुखापतींनी फळी विरळ झालेल्या संघाला पुढील हंगामापूर्वी अनुभवी खेळाडू बाहेरून आणण्याची सोयही याच व्यवस्थेने करून दिली.

## उल्लेखनीय उदाहरणे

### ऑबर्न (२००४)

ऑबर्न विद्यापीठाच्या कार्नेल विल्यम्सने २३९ कॅरींत १,१६५ यार्ड, तर रॉनी ब्राउनने १५३ कॅरींत ९१३ यार्ड मिळवले. संघाने सर्व १३ सामने जिंकले. २००५ सालच्या व्यावसायिक नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) खेळाडू निवडीत ब्राउन दुसऱ्या आणि विल्यम्स पाचव्या क्रमांकावर निवडला गेला. कमी कॅरी घेतलेल्या खेळाडूची निवड आधी झाल्याने, वाटणीमुळे खेळाडूचे व्यावसायिक मूल्य घटते हा समज खोडून काढण्यासाठी हे उदाहरण दिले जाते.

### सदर्न कॅलिफोर्निया (२००५)

या हंगामात रेजी बुशने २०० आणि लेनडेल व्हाइटने १९७ कॅरी घेतल्या. बुश वेगासाठी, तर व्हाइट ताकदीसाठी ओळखला जाई. ४ जानेवारी २००६ रोजी झालेल्या रोझ बाउल सामन्यात टेक्सास विद्यापीठाविरुद्ध आघाडीवर असताना, अखेरच्या काही मिनिटांत यूएससीला चौथ्या डाउनवर दोन यार्डांची गरज होती. भूमिकेनुसार चेंडू व्हाइटला देण्यात आला आणि त्याला अलीकडेच रोखण्यात आले. त्या हंगामाची हाइझमन ट्रॉफी मिळालेला बुश त्या चालीच्या वेळी मैदानाबाहेर होता. त्यानंतर टेक्सासच्या व्हिन्स यंगने निर्णायक टचडाउन करून सामना ४१–३८ असा जिंकून दिला. व्हाइटने त्या सामन्यात तीन टचडाउन केले असल्याने त्याची निवड तर्कसंगत होती. तथापि बुश बाहेर असल्याने बचाव करणाऱ्यांना मध्यभागी एकवटणे सोपे गेले, अशी टीका पुढे अनेक वर्षे होत राहिली.

### अलाबामा (२००९–२०१५)

प्रशिक्षक निक सेबन यांच्या संघांत वाटणीची आणि एकहाती भाराची अशी दोन्ही उदाहरणे सापडतात. २००९ साली मार्क इंग्रॅमने हाइझमन ट्रॉफी जिंकली, तर प्रथम वर्षाचा ट्रेंट रिचर्डसन त्याचा साहाय्यक होता. राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात दोघांनीही शंभराहून अधिक यार्ड मिळवले. २०१२ च्या विजेत्या संघातील एडी लेसी आणि टी. जे. येल्डन या दोघांनीही हंगामात हजार यार्डांचा टप्पा ओलांडला.

२०१५ साली मात्र चित्र पालटले. नोव्हेंबरमध्ये दुसरा रनिंग बॅक केन्यन ड्रेक याचा हात मोडला आणि डेरिक हेन्रीवरील भार एकाएकी वाढला. हेन्रीने ऑबर्नविरुद्ध ४६ आणि त्यानंतरच्या आठवड्यात फ्लोरिडाविरुद्ध ४४ कॅरी घेतल्या. दोन्ही सामने व पुढे राष्ट्रीय विजेतेपद अलाबामाने जिंकले आणि हेन्रीला हाइझमन ट्रॉफी मिळाली. राखीव फळीतील एका दुखापतीने संपूर्ण वाटणी कशी कोलमडते, हे यातून दिसते.

### जॉर्जिया (२०१५–२०१७)

जॉर्जिया विद्यापीठाच्या निक चबला ऑक्टोबर २०१५ मध्ये टेनेसीविरुद्ध संघाच्या पहिल्याच चालीवर गुडघ्याची गंभीर दुखापत झाली. सोनी मिशेलने त्याची जागा घेऊन त्या हंगामात हजारांहून अधिक यार्ड मिळवले. २०१६ च्या हंगामानंतर दोघांनाही एनएफएलचा मार्ग खुला होता. पण दोघांनीही आणखी एक वर्ष विद्यापीठात राहण्याचा निर्णय घेतला. २०१७ साली चबने २२३, मिशेलने १५६ आणि नवोदित डिआंद्रे स्विफ्टने ८१ कॅरी घेतल्या. संघाने १५ सामने खेळून राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तेथे अलाबामाने अतिरिक्त वेळेत २६–२३ अशी मात केली. एकाच संघातील दोन खेळाडूंच्या एकत्रित कारकिर्दीतील यार्डांचा डिकरसन व जेम्स यांचा विक्रम या जोडीने मागे टाकला.

### ओहायो स्टेट (२०२४)

क्विनशॉन जडकिन्सने मिसिसिपी विद्यापीठाकडून खेळताना २०२२ साली २७४ आणि २०२३ साली २७१ कॅरी घेतल्या होत्या. ट्रान्सफर पोर्टलद्वारे तो ओहायो स्टेट विद्यापीठात आला, जेथे ट्रेव्हियन हेंडरसन आधीपासून होता. २०२४ साली जडकिन्सने १९४ कॅरींत १,०६० आणि हेंडरसनने १४४ कॅरींत १,०१६ यार्ड मिळवले. १६ सामन्यांचा हंगाम संपला तेव्हा संघ राष्ट्रीय विजेता होता. पुढील खेळाडू निवडीत जडकिन्स ३६ व्या आणि हेंडरसन ३८ व्या क्रमांकावर निवडला गेला. बारा संघांच्या प्लेऑफमुळे लांबलेल्या पहिल्याच हंगामातील हे यश वाटणीच्या समर्थनार्थ दाखवले जाते.

## खेळाडूचे हित व वाद

एनएफएलच्या नियमानुसार शाळा सोडून तीन वर्षे झाल्याशिवाय खेळाडूला त्या स्पर्धेत प्रवेश मिळत नाही. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने प्रथम वर्षातच २००२ च्या हंगामात संघाच्या राष्ट्रीय विजेतेपदात मोठा वाटा उचलला होता. त्याने या नियमाला न्यायालयात आव्हान दिले. परंतु २००४ साली अपील न्यायालयाने एनएफएलच्या बाजूने निकाल दिला. याचा अर्थ असा की, कितीही सक्षम असला तरी रनिंग बॅकला तीन वर्षे व्यावसायिक फुटबॉलपासून दूर राहावे लागते आणि त्यापैकी बहुतांश काळ तो महाविद्यालयात धडका सोसतो. या स्थानावरील व्यावसायिक कारकीर्द तुलनेने अल्प असल्याने ही वर्षे अधिक मोलाची असतात.

या संदर्भात साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या मार्कस लॅटिमोरचे उदाहरण नेहमी दिले जाते. प्रथम वर्षात, २०१० साली, त्याने २४९ कॅरींत १,१९७ यार्ड मिळवले. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याच्या एका आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये दुसऱ्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्को संघाने त्याची निवड केली; परंतु एनएफएलचा एकही सामना न खेळता २०१४ साली तो निवृत्त झाला. त्या काळी महाविद्यालयीन खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे मोबदला घेण्यास मनाई होती. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व प्रतिमेच्या व्यापारी वापरातून कमाई करण्याची परवानगी मिळाली आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट उत्पन्नाचा वाटा देऊ लागली. त्यामुळे महाविद्यालयातील कॅरीचे आर्थिक मूल्य प्रथमच खेळाडूच्या हिशेबात आले.

बाउल सामना न खेळण्याचा निर्णय हाही याच वादाचा भाग आहे. २०१६ च्या हंगामाअखेर लुइझियाना स्टेटचा लेनर्ड फोर्नेट आणि स्टॅनफर्डचा ख्रिश्चन मॅकॅफ्री या दोन आघाडीच्या रनिंग बॅकनी व्यावसायिक निवडीच्या तयारीसाठी आपापले बाउल सामने खेळण्यास नकार दिला. त्यांच्यावर सहकाऱ्यांना सोडून गेल्याची टीका झाली, तसेच अनेकांनी त्यांना पाठिंबाही दिला. २०१७ च्या निवडीत फोर्नेट चौथ्या व मॅकॅफ्री आठव्या क्रमांकावर निवडला गेला. त्यानंतर असे निर्णय सर्रास होऊ लागले.

महाविद्यालयातील मोठ्या कार्यभाराने व्यावसायिक कारकीर्द खुंटते का, याबाबत एकमत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोनाथन टेलरने २०१७ ते २०१९ या तीन हंगामांत ९२६ कॅरी घेतल्या. तरीही २०२१ साली तो एनएफएलमध्ये सर्वाधिक यार्ड धावणारा खेळाडू ठरला. एका हंगामात ३९५ कॅरी घेतलेल्या डेरिक हेन्रीने २०२० साली एनएफएलमध्ये २,०२७ यार्ड मिळवले. मात्र मोठा भार सोसूनही टिकलेले खेळाडूच अशा यादीत दिसतात. दुखापतीमुळे जे व्यावसायिक मैदानापर्यंत पोहोचले नाहीत, ते तिच्यात येत नाहीत. त्यामुळे केवळ यशस्वी खेळाडूंच्या उदाहरणांवरून सुरक्षित मर्यादा ठरवता येत नाही. कॅरींची अधिकृत मर्यादा नसल्याने किती भार द्यावा हा निर्णय प्रत्येक सामन्यात प्रशिक्षकाकडेच राहतो. त्याच्या नोकरीचे भवितव्य मात्र त्या सामन्याच्या निकालाशी जोडलेले असते.

## हे सुद्धा पहा

* अमेरिकन फुटबॉल
* नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन
* हाइझमन ट्रॉफी
* नॅशनल फुटबॉल लीग
* रोझ बाउल